एका फलंदाजापुरता माणूस

माझ्या मुलाचा धंदा आधी सांगतो. मैदानाच्या कडेला, कुंपणापलीकडे एक लांब बाक असतो. त्यावर तीन तास बसायचं, सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडून टरफलं थुंकायची, आणि आतून फोन आलाच तर उठून हात सैल करायचा, धावत मैदानात जायचं आणि एका माणसाला चार-पाच चेंडू टाकायचे. तो बाद झाला तरी हा बाहेर, नाही झाला तरी हा बाहेर. मग खांद्याला बर्फाची पिशवी बांधून घ्यायची, जसा काही लढाई मारून आलाय. २००२पासून २००८पर्यंत त्यानं हेच केलं. बायोलॉजीची चांगली पदवी घरात पडून होती.

हे मी कौतुकानं लिहीत नाही. बेसबॉल मला तेव्हाही फालतू वाटायचा, आजही वाटतो. मी नागपूरला कॉलेजच्या संघातून क्रिकेट खेळलोय. मार्चच्या उन्हात वीस-वीस षटकं टाकून संध्याकाळी सायकल हाणत घरी गेलोय, आणि घरी कोणी बर्फ घेऊन उभं नव्हतं. त्यामुळे पंधरा चेंडूंत दमणारे, पोटं सुटलेले, एकसारखे थुंकणारे हे लोक टीव्हीवर दिसले की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. चेंडूला टप्पाच नाही. टप्पा नाही तर मग बोलिंगमध्ये राहिलं काय? मुलगा बारा वर्षांचा असताना मी हे त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "बाबा, जस्ट वॉच." मी काही बघितलं नाही. मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर वेळ असता तरी बघितलं नसतं.

पोरगा डावखुरा निघाला, आमच्या घराण्यात पहिला. माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत, पार्सिपनीला आली होती तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्यानं डाव्या हातानं वरणभात कालवलेला बघून तिचा घास घशातच अडकला. मग ती रोज त्याचा डावा हात त्याच्याच मांडीखाली दाबून त्याला जेवायला बसवायची. ती परत गेल्यावर ते काम मी केलं, आणि तिच्यापेक्षा कडकपणे केलं. प्रसाद डाव्या हातानं घेतला की मनगटावर चापट. शाळेत मात्र अमेरिकन बाईंना काही फरक पडत नव्हता, म्हणून लिहायला डावा राहिला आणि चेंडू फेकायलाही डावा. ज्या हाताला आम्ही ताटाजवळ फिरकू दिलं नाही, त्याच हाताला पुढे नोकरी लागली. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्याचा चेंडू नीट दिसत नाही म्हणे. म्हणून प्रत्येक संघ असा एखादा डावखुरा पाळून ठेवतो. पाळून ठेवतो हा शब्द माझा. मुलगा त्याला 'स्पेशलिस्ट' म्हणायचा. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांची मुलं हृदयाची स्पेशलिस्ट होती, किडनीची स्पेशलिस्ट होती. आमचा एका फलंदाजापुरता स्पेशलिस्ट.

कॉलेज संपलं त्या जूनमध्ये, २००१ साली, एका संघानं त्याला निवडलं. दरवर्षी हे संघ हजारभर पोरं निवडतात, आणि त्यात आमच्या चिरंजीवांचा नंबर इतका खाली होता की तो वाचून दाखवायला सुद्धा कोणी बसलं नसेल. फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. त्याची आई उठून त्याच्या गळ्यात पडली. मी विचारलं, "मेडिकलच्या फॉर्मचं काय?" तो म्हणाला, "इट कॅन वेट, बाबा." मी म्हटलं, "हो, डॉक्टरी थांबेल. चेंडू मात्र थांबणार नाही." त्यावर ही मला म्हणाली, "अहो, आज तरी नको." मी त्या दिवशी गप्प बसलो आणि नंतरच्या सात वर्षांत त्याची सगळी भरपाई केली.

मोठ्या लीगमधला प्रत्येक संघ आपल्या खाली पाच-सहा छोटे संघ ठेवतो, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. सगळ्यांत खाली नवी पोरं, सगळ्यांत वरच्या पायरीवर वाट बघून कंटाळलेले लोक, आणि त्याच्या वर खरी मोठी लीग, जिथलं स्टेडियम टीव्हीवर दिसतं. हजारातले नऊशेच्या वर तिथवर पोचत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही सगळे बसमध्ये बसतात. मुलगा पहिल्या वर्षी मोंटानात होता, नंतर आयोवात, मग टेनेसीत. दहा-दहा तासांचा बसचा प्रवास. संघ ज्या गावात असेल तिथलं एखादं हौशी कुटुंब खेळाडूला घरात ठेवून घेतं. म्हणजे माझा मुलगा परक्यांच्या तळघरात, त्यांच्या वॉशिंग मशीनशेजारी झोपत होता. मी शेकडो मैलांवरच्या त्या तळघराची कल्पना करायचो आणि माझा संताप व्हायचा. आम्ही त्याच्यासाठी वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली ठेवली होती. ही त्याला चिवड्याची पार्सलं पाठवायची. तो चिवडा आख्ख्या बसनं खाल्ला असं तो फोनवर सांगायचा. मी म्हणायचो, "चला, कोणाच्या तरी पोटात गेला."

दुसऱ्या वर्षी त्याला सुरुवातीपासून खेळणाऱ्यांतून काढून त्या कुंपणापलीकडच्या बाकावर बसवलं. मी विचारलं, ही बढती की शिक्षा? तो म्हणाला, दोन्ही नाही. त्याच्याकडे दोनच प्रकारचे चेंडू चांगले आहेत, सुरुवातीच्या पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, तीन लागतात. इतक्या शांतपणे कोणी स्वतःची नालायकी सांगतं का? मला ऑफिसात कोणी म्हटलं असतं की तुला तीनातली दोनच कामं येतात, तर मी राजीनामा फेकला असता. निदान फेकण्याची धमकी तरी दिली असती. मी औषधांच्या कंपनीत एकाच इमारतीत सव्वीस वर्षं काढली आणि एकदाही राजीनामा फेकला नाही, ही गोष्ट वेगळी. मग तिसऱ्या वर्षी कोणा कोचनं त्याला हात खाली करून, कमरेच्या उंचीवरून चेंडू टाकायला शिकवलं. त्यानंतर डावखुऱ्या फलंदाजांची त्याच्यासमोर भंबेरी उडायला लागली म्हणे. वर्तमानपत्रातलं बोटाएवढं कात्रण त्यानं पाठवलं. हिनं ते फ्रिजवर लावलं. पाहुणे यायचे असले की मी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकायचो.

कारण लोकांना मी वेगळंच सांगितलं होतं. पहिल्या वर्षी म्हणालो, मेडिकलच्या आधी एक वर्ष ब्रेक घेतलाय. दुसऱ्या वर्षी तेच म्हणालो. तिसऱ्या वर्षी मंडळाच्या कोजागिरीला एका गृहस्थांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "फिजिकल थेरपीत आहे." खांदे, गुडघे, कोपर, सगळं तेच तर असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. आमचं मंडळ म्हणजे एक मजेशीर जमात. वर्षातून सहा वेळा भेटायचं, एकमेकांच्या मुलांची कॉलेजं विचारायची आणि आपल्या मुलांची न विचारता सांगायची. मराठी भाषा टिकवायला म्हणून जमणार आणि पोरं कोपऱ्यात इंग्रजीत खिदळणार. मला त्या लोकांबद्दल काडीचा आदर नव्हता. आणि त्याच लोकांसमोर नाक कापलं जाऊ नये म्हणून मी स्वतःच्या मुलाचा धंदा लपवत होतो. याची संगती आज मला लावता येत नाही.

२००४च्या ऑगस्टमध्ये मला साठ वर्षं पूर्ण होत होती. साठीशांत करायची असं मी ठरवलं. ही म्हणाली, घरीच चार माणसांत करू. मी म्हटलं, छे. पार्सिपनीतला मोठा हॉल, दीडशे पानं, शांतीला गुरुजी, साठ दिव्यांनी औक्षण. तिथीनं वाढदिवस बुधवारी येत होता. बुधवारी इथं कोण येणार? गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, ते म्हणाले, "अमेरिकेत शनिवार चालतो, काका." ठीक आहे, शनिवार.

मुलगा तेव्हा शेवटच्या पायरीवर पोचला होता, मोठ्या लीगच्या अगदी खाली. त्याला फोन केला.

"बाबा, कॅन वी डू इट आफ्टर लेबर डे? सीझन संपतो तेव्हा. जस्ट टू वीक्स."

"नंतर गणपती. हॉल मंडळाकडे असतो. आणि काका-काकू अल्फारेटाहून येतायत, त्यांची तिकिटं काढून झाली."

"दे माइट नीड मी. आय ॲम पिचिंग रिअली वेल, बाबा."

"तू काय सीमेवर आहेस का?" मी म्हणालो. "एक दिवस तू त्या बाकावर बसला नाहीस तर बाक उडून जाणार आहे?"

मग मी खरं कारण सांगितलं. "एकुलता एक मुलगा बापाच्या साठीला नाही. लोक विचारतील. मी काय तोंड दाखवू त्यांना?"

मग तो म्हणाला, "ओके. आय विल आस्क."

शनिवारसाठी मी तिथी हलवली होती, हॉलसाठी आणि भावाच्या तिकिटांसाठी ती तिथंच रोवून ठेवली होती. मुलासाठी मात्र मला ती दोन आठवडे सरकवता आली नाही. पंचांगाचा मला एवढा पुळका कधीच नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी त्याला आणायला विमानतळावर गेलो. तो बाहेर एका खांबाशी पाठ करून उभा होता, कानाला फोन. मी गाडी समोर आणली. तो हलला नाही. मागचा पोलीस मला पुढे जायच्या खुणा करत होता. मी हॉर्न वाजवला. त्यानं एक बोट वर केलं, थांबा म्हणून. मी परत हॉर्न वाजवला, जास्त वेळ. त्यानं फोन बंद केला, बॅग मागे टाकली आणि शेजारी येऊन बसला. "हाय, बाबा." पांढराफटक चेहरा. मी म्हटलं, "तोंड असं का केलंयस? साठी आहे माझी, श्राद्ध नाही." तो थोडं हसला. "सॉरी. लाँग फ्लाइट," म्हणाला.

शनिवारचा सोहळा अगदी माझ्या मनासारखा झाला. हॉलच्या मॅनेजरनं होमाला परवानगी दिली, पण ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये, आणि आग विझवायचं नळकांडं घेऊन तो स्वतः शेजारी उभा राहिला. साठ दिवे म्हणजे दुकानातल्या छोट्या मेणबत्त्या होत्या. माझ्या अंगावर रेशमी सोवळं आणि पायांत मोजे, कारण फरशी गार होती. मुलगा कुडता घालून पंगतीत वाढत होता. जो तो त्याला विचारायचा, "सो व्हॉट आर यू अप टू?" आणि त्यानं तोंड उघडायच्या आत मी पाटावरून ओरडायचो, "फिजिकल थेरपी!" त्यानं एकदाही मला खोटं पाडलं नाही. एक काकू त्याच्याकडे आपला गुडघा दाखवत होत्या, तर त्यानं खरोखर खाली बसून दोन व्यायाम समजावून सांगितले. एवढी वर्षं कोपराखांद्यांच्या दुखण्यांत काढल्यावर तेवढं त्याला येतच असणार. माझी छाती फुगली. रविवारी सकाळी तो परत गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते तेवढंच आहे. त्या वर्षी त्याला मोठ्या लीगमधून बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी वसंतात संघानं त्याला सोडून दिलं. दुसऱ्या एका संघानं घेतलं, त्यांनी जुलैमध्ये तिसऱ्याला देऊन टाकलं. बदल्यात काय मिळालं असं मी विचारलं तर तो म्हणाला, "नंतर ठरवू, असं ठरलंय." माझा मुलगा देऊन हे लोक बदल्यात काय घ्यायचं ते नंतर ठरवणार होते. जुनी सायकल विकतानासुद्धा आपण यापेक्षा जास्त घासाघीस करतो. २००६ला कोपराचं ऑपरेशन झालं. वर्षभर तो आमच्याकडे पूर्वेकडच्या खोलीत राहिला आणि रोज सकाळी गॅरेजमध्ये रबराचा पट्टा ओढत बसला.

त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला मी ते वाक्य बोललो. जेवायला भाऊ आणि वहिनी होते, म्हणजे खरं लपवायचं कारण नव्हतं, पण मला तर चारचौघांतच चेव येतो. त्यानं परत खेळायला जाणार असं सांगितलं. मी चमचा खाली ठेवून म्हणालो, "सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तुला एकदा तरी, एक दिवस तरी, त्या मोठ्या लीगवाल्यांनी बोलावलं का? नाही ना? मग यातून काही समजून घ्यायचं असतं." भाऊ पाण्याचा ग्लास न्याहाळायला लागला. मुलानं माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "नो, बाबा. यू आर राइट." ही ताडकन उठली आणि किचनमध्ये गेली. मला वाटलं, भात करपला असेल.

२००८ला तो न्यू जर्सीतच अशा एका संघात होता, जो कुठल्याच मोठ्या संघाच्या जिन्यावर नव्हता. खालची पायरीसुद्धा नाही, नुसतं अंगण. तिथं घसरलेले, जोडलेले, शिवलेले लोक खेळायचे. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो म्हणाला, "इट्स माय लास्ट वीक, बाबा. आलात तर बरं वाटेल." मी निवृत्त झालो होतो, दुपारी करायला काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खेळताना बघायला गेलो; ही बरोबर होती.

काय ते दृश्य! निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कोणीतरी पिसांचा अंगरखा घालून कोंबडा होऊन नाचत होता. दर पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून पोरांच्या शर्यती, गाणी, टीशर्टची फेकाफेक. माणसं खेळ सोडून खाण्यातच गुंग. सातव्या डावात आमचे चिरंजीव कुंपणाचं दार उघडून धावत आले. दाढीत पांढरे केस दिसत होते. त्यानं हात असा खालून, जमिनीला घासेल इतक्या खालून फिरवला आणि चेंडू त्या फलंदाजाच्या पाठीमागून आल्यासारखा येऊन वळला. फलंदाज अक्षरशः मागे सरला. पुन्हा तेच. तिसऱ्या चेंडूला त्यानं हवेत बॅट फिरवली आणि बाद झाला. तीन चेंडू. मॅनेजर बाहेर आला, त्यानं चेंडू काढून घेतला, मुलगा मान खाली घालून निघाला. चाळीस-पन्नास लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी क्रिकेट खेळलेला माणूस आहे; चेंडू चांगला की वाईट, मला कळतं. तो चेंडू फार चांगला होता. एवढा चांगला चेंडू मी उभ्या जन्मात कधी टाकला नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या समजलं आणि मला त्याचाच राग आला.

खेळ संपल्यावर कुंपणाशी आम्ही त्याची वाट बघत उभे होतो. एक म्हातारा कोच आला; गालात तंबाखूचा गोळा, टोपीखाली लाल मान. मुलगा चार वर्षांपूर्वी शेवटच्या पायरीवर होता तेव्हाही हाच त्याचा कोच होता, असं त्यानं सांगितलं. आता दोघंही घसरत इथं आले होते. त्यानं माझ्याकडे निरखून बघितलं, कागदी पेल्यात थुंकला आणि इंग्रजीत म्हणाला, "म्हणजे साठ वर्षांचे झाले होते ते तुम्हीच!"

मी म्हटलं, "हो. का?"

तो हसायला लागला. त्याला वाटलं, आमच्या घरात हा विनोद जुना झाला असणार. "मॅनेजर त्याला म्हणाला, रजा कशाला, कोणी मेलंय का? हा म्हणतो, नाही सर, माझे वडील साठ वर्षांचे होतायत. सगळी खोली हसली. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, या आठवड्यात हलू नकोस. वरचा डावखुरा खांदा धरून बसलाय, कधीही फोन येईल आणि तुझंच नाव आहे. हा म्हणाला, वडिलांना शब्द दिलाय." त्यानं बोटांनी विमान उडवून दाखवलं. "हा तिकडे हवेत, आणि इकडे फोन. संध्याकाळच्या सामन्याला माणूस हवा होता. दुसऱ्याला पाठवलं. त्याच्याकडे याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. पण तो तिथं गेला, चांगला खेळला, आणि चार वर्षं झाली, अजून तिथंच आहे. एकच जागा होती." मग त्याच्या लक्षात आलं असावं की मी हसत नाहीये. "पण पार्टी चांगली झाली ना?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "हो. दीडशे लोक होते."

तो गेल्यावर मी हिच्याकडे वळलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला माहीत होतं. त्या शुक्रवारी घरी आल्या आल्या त्यानं सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाला." चार वर्षं ती हे पोटात ठेवून माझ्याशेजारी चहा पीत होती. थँक्सगिव्हिंगला भात करपला नव्हता.

मुलगा बॅग घेऊन बाहेर आला, खांद्याला तीच बर्फाची पिशवी. मी त्याला गाडीच्या मागे नेलं आणि विचारलं, "विमानतळावर तो फोन त्या बोलावण्याचाच होता?"

त्यानं एकदा आईकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली.

"मी हॉर्न वाजवत होतो."

"इट वॉज ऑलरेडी ओव्हर, बाबा. दे हॅड सेंट हिम."

"मला का नाही सांगितलंस?"

"व्हॉट वुड यू हॅव सेड?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला ते उत्तर ऐकू आलं, माझ्याच आवाजात: एका माणसाला चार चेंडू टाकायला जायचं होतं ना, त्यात एवढं काय मोठं. त्या वेळी मी हेच म्हणालो असतो. शब्दाशब्दाला हेच. आणि मग साठ दिव्यांसमोर जाऊन बसलो असतो. मी उघडलेलं तोंड मिटलं. माझी लाज मला आयुष्यात इतकी स्पष्ट कधी वाटली नव्हती.

तो म्हणाला, "सी? दॅट्स व्हाय." रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर मला उलट बोलता आलं असतं. मग त्यानं विचारलं, "भूक लागलीय. आईनं डब्यात काय आणलंय?"

त्या ऑक्टोबरात त्याला एका शाळेत सायन्स शिकवायची नोकरी लागली. दुपारी तिथल्या पोरांना पिचिंगही शिकवतो. चांगली नोकरी आहे, सांगण्यासारखी.

दिवाळीला मंडळाचा फराळ होता. एक गृहस्थ हातात चकलीची बशी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांची मुलगी भूल देणारी डॉक्टर आहे, हे मला आतापर्यंत चौदा वेळा कळलं होतं. त्यांचा खांदा दुखत होता. म्हणाले, "तुमच्या चिरंजीवांची अपॉइंटमेंट मिळेल का हो? फिजिकल थेरपिस्ट ना ते?"

मी म्हणालो, "नाही. तो थेरपिस्ट कधीच नव्हता. तो पिचर होता, बेसबॉलचा. सात वर्षं."

चकली त्यांच्या हातातच राहिली. "काय सांगता! मग आम्हाला कधी टीव्हीवर कसा दिसला नाही?"

"मोठ्या लीगमधून एकदा बोलावणं आलं होतं. जाता आलं नाही. तो इथं होता. माझी साठी होती ना, मीच हट्टानं बोलावून घेतलं होतं. तुम्ही होता की जेवायला."

"होतो तर! काय मसालेभात होता!" मग त्यांचा चेहरा उजळला. माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "वा! बापाच्या शब्दासाठी एवढी संधी सोडली पोरानं! आजकाल कुठे बघायला मिळतं हे? संस्कार हो, तुमचे संस्कार."

आजूबाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. तीस वर्षं याच लोकांच्या तोंडून हाच शब्द ऐकायला मी धडपडत होतो. आज तो मिळाला तेव्हा त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात शिवशिवत होता. पण त्या थपडीचा धनी तो नव्हता, एवढं मला कळत होतं.